वाचकांचे प्रश्न : गावाकडच्या रस्त्यावर गाडी चालवताना

ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी पुण्यातल्या नवले पुलावरच्या कोंडीविषयी आणि चांदणी चौकातल्या वळणांविषयी लिहिणारे वाचक इंदापूर, जुन्नर, भोर, मुळशी या तालुक्यांतल्या रस्त्यांविषयी विचारू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडले आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही नोकरी करतो आणि शनिवारी काम आटोपून इंदापूर तालुक्यातल्या गावी जातो. सोलापूर रस्ता सोडून आत वळलो की उसाच्या ट्रॉल्यांची धास्ती वाटते. मागे दिवा नसतो आणि अगदी जवळ जाईपर्यंत ट्रॉली दिसत नाही. जास्त प्रखर हेडलाइट बसवून घेतले तर उपयोग होईल का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : दिव्यांच्या आधी वेगाचा विचार करावा लागेल. डिपरवर असलेला हेडलाइट साधारण ४० ते ५० मीटरपर्यंतचा रस्ता कामापुरता उजळतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. रस्त्यांच्या बांधणीचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था, समोरचा धोका दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत, ताशी ८० च्या वेगाला १२० मीटर, ६० ला ८० मीटर आणि ४० ला ४५ मीटर रस्ता लागतो असे धरते. या हिशेबात चालकाच्या लक्षात येऊन ब्रेक दाबला जाईपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले आहेत. सावध चालक त्याहून लवकर ब्रेक दाबतो हे खरे, पण दिवसभर काम करून, हडपसरची कोंडी सोसून, भूक लागलेल्या अवस्थेत गावाकडे निघालेल्या माणसाने स्वतःला सावधांत धरू नये असे मला वाटते. म्हणजेच डिपरवर गाडी चालवत असाल तर ताशी ४०-४५ हाच वेग दिव्याच्या टप्प्यात बसतो. समोर कोणी नसताना अपरवर शंभर मीटरच्या पुढचे दिसते आणि तेव्हा वेग थोडा वाढवता येतो. या रस्त्यांवर अपर-डिपरचा खटका सतत हाताशी असावा लागतो आणि वेगही त्याबरोबर कमी-जास्त करावा लागतो.

आता ट्रॉलीविषयी. भरलेल्या ट्रॉलीतला ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागे बाहेर आलेला असतो. त्यामुळे मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर असले तरी ते मोळ्यांच्या आड जातात. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्यांवर रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, परंतु ऊस लोंबू लागला आणि त्यावर धूळ बसली की त्यांचा उपयोग किती उरतो हे आपण पाहतोच. ट्रॅक्टरचा वेग इतका कमी असतो की मागून येणाऱ्या मोटारीच्या दृष्टीने ती ट्रॉली जवळजवळ उभीच असते. खरोखर उभी असलेली ट्रॉली त्याहून धोक्याची. टायर फुटला की चाकाखाली दगड लावून, ट्रॉली रस्त्यावरच ठेवून, माणसे मदत आणायला जातात; आणि ट्रॉली निघून गेल्यावर ते दगड तिथेच राहतात. समोरून एकच दिवा येताना दिसला तर ती दुचाकी आहे असे समजू नये, एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो आणि दिव्याच्या आपल्या बाजूला त्याची किती रुंदी आहे ते अंधारात कळत नाही.

ट्रॉली दिसण्याआधी तिच्या खुणा मात्र दिसतात. डांबरावर उसाची ताजी टिपरे आणि हिरवे वाढे पडलेले दिसू लागले की पुढे काही अंतरावर ट्रॉली किंवा टायरगाडी (टायरची बैलगाडी) आहे असे धरून वेग लगेच कमी करावा. चिरडलेल्या उसाचा ओला लगदा दुचाकीला घसरण्यासाठी पुरेसा असतो. ओलांडताना एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या आहेत का ते आधी पाहावे, मागची ट्रॉली झोला खाते हे ध्यानात ठेवून बाजूला अंतर सोडावे आणि पुढचा रस्ता पूर्ण मोकळा दिसत नसेल तर मागेच राहावे. ट्रॅक्टरवाल्याने हाताने किंवा इंडिकेटरने ‘जा’ अशी खूण केली तरी ती खात्री समजू नये. उजवा इंडिकेटर कोणी वाट देण्यासाठी लावतो, तर कोणी खरोखरच शेताकडे वळण्यासाठी.

प्रखर दिव्यांविषयी : कंपनीने दिलेल्यापेक्षा जास्त वॅटचे बल्ब किंवा बंपरवर एलईडीच्या पट्ट्या लावणे नियमात बसत नाही, आणि त्यामुळे समोरच्याचे डोळे दिपून तो आपल्याच अंगावर येण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी हेडलाइटच्या काचा आणि समोरची काच आतून पुसून घ्यावी. आतल्या बाजूला साचलेला धुरकट थर रात्री समोरच्या दिव्याने चकाकतो आणि दिवसा तो लक्षातही येत नाही. गावाहून परतताना डिकीत ज्वारी-गव्हाची पोती असतात, गाडी मागे बसते आणि डिपरचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ झोत खाली-वर करण्याचे छोटे चाक असते. पोती भरल्यावर ते फिरवायचे असते, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. समोरून प्रखर झोत आलाच तर त्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी आणि ते वाहन शेजारून जाण्याच्या आधीच वेग कमी करावा, कारण ते गेल्यानंतरच्या एक-दोन सेकंदांत आपल्याला काहीच दिसत नसते आणि सायकलवाला किंवा उभी ट्रॉली नेमकी त्या अंधारात असते.

प्रश्न : दिवसा लहान गावांतून जाताना वेग किती ठेवावा? अनेक ठिकाणी पाटीच नसते.
— एक वाचक, औंध

उत्तर : केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार दुभाजक असलेले चौपदरी रस्ते वगळता इतर रस्त्यांवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी ७० आणि दुचाकींची ६० आहे, आणि स्थानिक पाटीवर त्याहून कमी आकडा असेल तर तो पाळावा लागतो. मात्र हा आकडा मोकळ्या रस्त्यासाठी आहे. वेशीची कमान, शाळेची भिंत, एसटीचा थांबा किंवा दुधाच्या कॅनची रांग दिसली की ताशी ३० च्या वर राहण्याचे कारण नाही. गावातला रस्ता हा गावकऱ्यांच्या अंगणाचाच भाग असतो. त्यावर हुलगा-सोयाबीन मळणीसाठी पसरलेले असते, म्हातारी माणसे कडेला बसलेली असतात. त्याविषयी शहरातल्या माणसाने चरफडून काही साधत नाही.

थांबलेल्या एसटीकडे विशेष लक्ष द्यावे. उतरलेले मूल गाडीच्या पुढून किंवा मागून एकदम रस्ता ओलांडते आणि ते आपल्याला, आपण त्याला, शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. एसटीला वळसा घालताना चालण्याच्या वेगाने जावे. न रंगवलेल्या गतिरोधकांचेही तसेच. पुढच्या वाहनाची मागची बाजू उडालेली दिसली की आपला ब्रेक दाबावा.

साइडपट्टीविषयी आपण वेगळे विचारलेले नाही, तरी सांगतो. अरुंद रस्त्यावर समोरच्याला साइड देताना डावे चाक खचलेल्या साइडपट्टीवर उतरते, आणि घाबरून स्टिअरिंग उजवीकडे झटक्याने ओढले तर गाडी डांबरावर चढताच थेट समोरच्या बाजूला फेकली जाते. स्टिअरिंग सरळ धरून, ॲक्सिलरेटर सोडून, वेग उतरू द्यावा आणि मगच, कडेचा उंचवटा कमी असेल तिथे, हळू वर यावे.

प्रश्न : राजगुरुनगरच्या पुढे एका फाट्यावर दुचाकीस्वार पडलेला दिसला. माझ्या पतींनी गाडी थांबवू दिली नाही. पोलिसांचा ससेमिरा, कोर्टाच्या खेपा, आणि गावकऱ्यांनी आपल्यालाच धरले तर, असे ते म्हणाले. कायदा नेमका काय सांगतो?
— एक वाचक भगिनी, पिंपळे सौदागर

उत्तर : आपल्या पतींची भीती निराधार नव्हती, पण ती जुन्या काळातली आहे. मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. निःस्वार्थ बुद्धीने जखमीला मदत करणाऱ्या व्यक्तीवर, मदत करताना काही चूक घडली किंवा जखमी दगावला तरी, दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. नाव, पत्ता, फोन नंबर देण्याची सक्ती पोलीस किंवा रुग्णालय करू शकत नाही. स्वतःहून साक्षीदार व्हायचे असेल तर गोष्ट वेगळी. रुग्णालयाला आपल्याकडे पैसे मागता येत नाहीत आणि आपल्याला अडवून ठेवताही येत नाही. जखमीच्या खर्चाचे म्हणाल, तर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत, नेमून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता होतात.

प्रत्यक्षात करायचे ते असे. आपली गाडी अपघाताच्या जागेपासून पुढे, रस्त्याच्या कडेला, चारही इंडिकेटर लावून उभी करावी आणि मागून येणाऱ्यांना आधीच दिसेल अशा अंतरावर त्रिकोणी रिफ्लेक्टर ठेवावा. मदतीला थांबलेल्यांनाच मागून धडक बसते, असे दुसरे अपघात अंधारात होतात. मग १०८ किंवा ११२ ला फोन करावा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ही चालतो. फोनवर ‘चाकणच्या पुढे कुठेतरी’ असे सांगून रुग्णवाहिका येत नाही. कडेचा किलोमीटरचा दगड वाचून सांगावा. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. दगड नसेल तर फाट्याचे नाव, जवळचा पेट्रोल पंप, मंदिर किंवा शाळा सांगावी, आणि शक्य असेल तर तिथल्याच एखाद्या गावकऱ्याच्या हातात फोन द्यावा. तो दोन वाक्यांत जे सांगेल ते आपल्याला दहा वाक्यांत जमणार नाही.

जखमीला पाणी पाजू नये. आपल्याकडे ही पहिली प्रतिक्रिया असते आणि बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीत असलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत पाणी जाऊन तो त्यानेच दगावू शकतो. शिवाय शस्त्रक्रिया लागली तर पोट रिकामे असलेले बरे. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापडाची घडी जोराने दाबून धरावी आणि सारखी उचलून पाहू नये. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नये, आणि मान वळवू नये. हात-पाय धरून, उचलून, जीपच्या मागच्या बाकावर दुमडून टाकणे हे आपल्या गावांमध्ये मदतीच्या भावनेनेच होते, पण मणक्याला मार असेल तर त्यातून कायमचे अपंगत्व येऊ शकते. रुग्णवाहिका येणार असेल आणि जागेवर आग किंवा वाहतुकीचा धोका नसेल तर हलवण्याची घाई नको.

गावकऱ्यांच्या जमावाविषयी : आपण मदतीला थांबलेले असाल तर गाडीतून उतरताच तसे मोठ्याने सांगावे आणि पहिल्याच माणसाला एखादे काम द्यावे. ‘दादा, तुम्ही मागून येणाऱ्या गाड्या थांबवा’ असे म्हटल्यावर बहुधा प्रसंगाचा नूर बदलतो. आपल्याच गाडीने धडक बसली असेल तर मात्र कायद्याचे कर्तव्य वेगळे आहे. कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे ही चालकाची जबाबदारी आहे. जमावाच्या रोषामुळे किंवा आपल्या हाताबाहेरच्या कारणाने ते शक्य नसेल तर त्यातून सूट आहे, पण अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत घटना कळवावी लागते, आणि विमा कंपनीलाही. जीव वाचवण्यासाठी तिथून निघून थेट पोलीस ठाण्यात जाणे आणि पळून जाणे या दोन गोष्टी कायदा एका मापाने मोजत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात आम्ही ताम्हिणीमार्गे कोकणात जातो. आमचे हे उतारावर गाडी न्यूट्रल करतात आणि पेट्रोल वाचते म्हणतात. मला भीती वाटते.
— एक वाचक भगिनी, वाकड

उत्तर : भीती रास्त आहे, आणि पेट्रोलचा हिशेबही चुकीचा आहे. सध्याच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे इंधन जवळजवळ थांबते, कारण चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. कार्बोरेटरच्या गाड्यांच्या काळात हे शिकलेली पिढी अजून गाडी चालवते आहे, हे त्याचे मूळ. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आवर जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापतात, जळका वास येतो, पेडल दाबूनही गाडी पूर्वीसारखी आवरत नाही. काहीजण त्याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. त्यात ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते आणि स्टिअरिंगही जड होते. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ट्रक ड्रायव्हरांचा नियम आजही तितकाच खरा आहे. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते. वास आलाच तर रुंद जागा पाहून थांबावे, ब्रेक आपोआप निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये.

अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा सौजन्याचा नव्हे तर वाहतुकीचा लेखी नियम आहे. धुक्यात अपर लावला तर समोर पांढरी भिंतच उभी राहते, म्हणून डिपर आणि असल्यास फॉग लॅम्प वापरावेत. चारही इंडिकेटर लावून चालत राहणे टाळावे, कारण मग आपण वळणार की नाही हे मागच्याला कळत नाही. धबधब्यापाशी वळणावरच गाडी लावून फोटो काढणाऱ्यांविषयी लिहावे तितके थोडे. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो, त्यामुळे त्या बाजूने जाण्याआधी चौकशी करूनच निघावे.

प्रश्न : ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत असेल तर किती पाण्यातून गाडी घालता येते? गावातले लोक तर घालतात.
— एक वाचक, धायरी

उत्तर : वाहत्या पाण्यातून अजिबात घालू नये. साधारण फूटभर वेगवान पाणी लहान मोटार तरंगवायला आणि दोन फूट पाणी बहुतेक मोटारी ओढून न्यायला पुरेसे असते. गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली आहे हे वरून कळत नाही. महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला तेव्हा दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने नदीत गेली. अंधारात चालकांना समोर पूल उरलेला नाही हे दिसलेच नाही. गावातले लोक घालतात हे खरे, परंतु त्यांना त्या ओढ्याची फरशी पाठ असते, आणि तरीही दर पावसाळ्यात त्यांच्यापैकीच कोणीतरी वाहून गेल्याची बातमी येते. ओढ्याचे पाणी बहुधा काही तासांत उतरते. तेवढा वेळ थांबावे किंवा मागे फिरावे.

प्रश्न : गावी गेलो की सोळा वर्षांचा पुतण्या आमची मोटारसायकल मागतो. तो ट्रॅक्टरही चालवतो, त्यामुळे हात चांगला बसला आहे. गावातल्या गावात दिली तर काय बिघडते?
— एक वाचक, वारजे

उत्तर : गावातला रस्ता हाही सार्वजनिक रस्ताच आहे. सोळाव्या वर्षी मिळणारा परवाना फक्त ५० सीसीपर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीसाठी असतो. मोटारसायकल आणि ट्रॅक्टर या दोन्हींसाठी अठरा पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. वाहन आपल्या नावावर आहे, म्हणजे तो मालक आपण. अपघातात कोणी जखमी झाले तर विमा कंपनी दिलेली भरपाई आपल्याकडून वसूल करू शकते. हात बसला आहे हे मी नाकारत नाही. या वयात हात लवकर बसतो, समोरचा काय करील याचा अंदाज मात्र उशिरा येतो. काका म्हणून नकार देणे जड जात असेल तर किल्ली खिशात ठेवावी आणि हवे तिथे स्वतः सोडून यावे.

प्रश्न : सासवडजवळच्या गावात आईला दुचाकीवर मागे बसवून नेतो. ती नऊवारी नेसते आणि एका बाजूला पाय करून बसते. काही काळजी घ्यावी का?
— एक वाचक, कात्रज

उत्तर : मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीला मागच्यासाठी धरायची मूठ, पायाला टेकू आणि मागचे चाक निम्म्याहून कमी नाही इतके झाकणारे जाळीचे आवरण असणे बंधनकारक आहे. आपल्याकडे त्याला साडी गार्ड म्हणतात आणि गाडी ‘स्मार्ट’ दिसावी म्हणून नवीन मुले तेच आधी काढून टाकतात. पदर किंवा ओढणी चाकात किंवा साखळीत गुंतली की बसलेली बाई मागे खेचली जाते, आणि चालवणाऱ्याला ते कळेपर्यंत ती डोक्यावर पडलेली असते. नऊवारीचा काष्टा असल्याने आईंना दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येईल. पूर्वीच्या बायका त्याच वेशात शेतातली सगळी कामे करत होत्या, तेव्हा संकोच असलाच तर तो आपल्याकडूनच दूर व्हावा. बसण्याआधी पदर कमरेला पक्का खोचून घ्यावा. हेल्मेट मागच्यालाही सक्तीचे आहे, आयएसआय चिन्हाचे असावे आणि हनुवटीखालचा पट्टा लावलेला असावा. नसेल तर १ हजार रुपये दंड आणि तीन महिन्यांसाठी परवाना निलंबन आहे. अंबाडा असेल तर हेल्मेट वर बसते आणि झटक्यात निसटते, म्हणून त्या वेळेपुरती वेणी मानेवर सोडावी. साडी गार्ड निघालेले असेल तर तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजमध्ये ते बसवून मिळते.